एकटीचा युक्तिवाद

मंगळवार, ६ जानेवारी

नाही जाणार! एकदा नाही, दहादा सांगितलं. बेंगळूरच्या पार त्या टोकाला, व्हाइटफील्डला, रघूच्या चौदाव्या मजल्यावर मी राहायला जाणार नाही. जे. पी. नगरचं हे घर दोन खोल्यांचं का असेना, माझं आहे. हे गेल्यापासून इथं एकटी राहतेय आणि झक्कास राहतेय. सकाळी खिडकीत कॉफी घेऊन बसते. उठावंसं वाटलं की उठते. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. हे सुख मला पासष्टीला मिळालंय, ते मी लेकाच्या हट्टापायी सोडू?

रघूचा आज परत फोन. एकुलता एक लेक, चाळिशी उलटलेला घोडा, आणि सूर परीक्षेत नापास झालेल्या पोराचा. "अम्मा, एकट्यानं राहणं सोपं नसतं गं."

म्हटलं, "एकट्यानं नव्हे, एकटीनं! मराठी तरी नीट बोल."

चारशे वर्षं कन्नड मुलखात काढल्यावर आमच्या घराण्याचं मराठी हे असं झालंय. रघू लहानपणी "तो भाजी" आणि "ती भात" करायचा, अजून सुटलं नाही.

आजपासून कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये तर्कशास्त्राचा वर्ग लागलाय. मंगळवारी आणि शुक्रवारी, आमच्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी. नाव घालून आले. शेजारची शिवलीला म्हणाली, "योगा सोडून हे काय, अक्का?" म्हटलं, कंबर वाकली तर चालेल, बोलणं वाकता कामा नये!

शुक्रवार, ९ जानेवारी

वर्ग घेतात ते मल्लाप्पा सर निपाणीकडचे. कॉलेजातून निवृत्त. मराठी बोलतात ते तिकडचं, प्रत्येक वाक्याला "की" लावून. पण डोकं लख्ख.

आज निगामी युक्तिवाद. म्हणजे आधीची विधानं खरी असली की निष्कर्षाला पळायला जागाच राहत नाही असा. सरांनी फळ्यावर लिहिलं — सगळ्या इडल्यांत उडीद असतो. ही इडली आहे. म्हणून हिच्यात उडीद आहे.

"सर, रवा इडली?" मी बसल्या जागेवरून.

सगळा वर्ग हसला. बेंगळूरात राहून रवा इडली विसरतात म्हणजे काय! पण सर खूश. "शाब्बास की बाई! युक्तिवादाची बांधणी बरोबर हाय बघा. पण पाया कच्चा. पहिलं विधानच खोटं निघालं. बांधणी बघून फसायचं नाही, पाया ठोकून बघायचा."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. रघूचा युक्तिवाद मांडून बघितला. वयस्कर माणसं एकटी राहिली की पडतात. अम्मा वयस्कर आहे, एकटी आहे. म्हणून अम्मा पडणार. बांधणी ठाकठीक! आणि पाया? वरच्या मजल्यावरच्या ठकुबाई भरल्या घरात पडल्या, नातवाच्या खेळण्यातल्या गाडीवर पाय पडून. एकट्या असत्या तर गाडी असती का तिथं?

रवा इडली आहे रे तुझा युक्तिवाद, रघू!

शनिवार, १० जानेवारी

फोन. आज मी वही उघडून बसले होते, त्याचं एकेक विधान टिपून घेतलं.

"संध्याकाळी दार उघडून आत आलं की बोलायला कुणी नसतं." — असतं. शिवलीला असते, रेडिओ असतो, आणि मी स्वतःशी बोलते त्यात कुणाचं काही जात नाही.

"रात्र जाता जात नाही." — माझी जाते. पाठ टेकली की घोरते. शिवलीलाला भिंतीपलीकडे ऐकू जातं.

"एकट्यासाठी कुठं कुकर लावायचा? चहा-बिस्किटावर भागतं." — एकटीसाठी! आणि लावते मी कुकर. आज भाज्या घातलेली आंबट हुळी, भात, काकडीची कोशिंबीर आणि सांडगे. फोटो काढून पाठवला.

तिन्ही विधानं खोटी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आईला काय काय चिकटवायचं याला काही सुमार? मी बिस्किटावर जगतेय असं नातेवाइकांतही सांगत असेल मेला.

फोटोवर त्यानं नुसता अंगठा पाठवला.

मंगळवार, १३ जानेवारी

आज विगामी युक्तिवाद. थोड्यावरून सगळ्याचं ठरवायचं तो. शितावरून भाताची परीक्षा! सर म्हणाले, ह्याच्यात निष्कर्ष कधीच पक्का नसतो, फक्त दाट शक्यता असते. शितं किती तपासली आणि पातेल्यात कुठकुठनं काढली त्याच्यावर सगळं. मग म्हणाले, आपापली उदाहरणं सांगा बघू.

मी सांगितलं — आजवर ज्या ज्या रिक्षावाल्याला विचारलं त्यानं मान हलवून नाही म्हटलं, म्हणून पुढचाही नाहीच म्हणणार. वर्गानं टाळ्या दिल्या. आणि बाहेर पडले तर समोर रिक्षा, आणि तो म्हणतो कसा, "बन्नी अम्मा!" या, बसा म्हणे, तेही मीटर टाकून! माझ्या युक्तिवादाचं त्यानं वाटोळं केलं पण गुडघे वाचले.

रघूचंही हेच. एकदा, फक्त एकदा मी गॅस बंद करायची विसरले, दूध उतू गेलं, तेव्हापासून "अम्मा विसरते". एक शीत! बाकीचं पातेलं कोण बघणार?

बुधवार, १४ जानेवारी — संक्रांत

एळ्ळु-बेल्ला केलं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं, सगळं घरी कापलं. कारखान्यात कापलेलं पाकीट आणणार नाही म्हणजे नाही.

रघू आला, एकटाच. सुनेला, मनस्विनीला, ऑफिसात रजा नाही म्हणे. पुण्याची पोर, पण लग्न झाल्यापासून इथलं एकही हळदीकुंकू तिनं चुकवलं नव्हतं. तिकडून तिळगुळाचे लाडू घेऊन यायची आणि "आई, तुमचं हे सुकं सुकं काय ते" म्हणून माझं एळ्ळु-बेल्ला मूठमूठ खायची. फोन लावला तर उचलला नाही. बरं.

रघू चार पोळ्या, दोनदा भात, वर परत पोळी. खाल्ल्यावर उठून आतल्या खोलीत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. डोकावले तर रिकामं कपाट उघडून उभा.

"ह्या खोलीत कुणी झोपत नाही ना?"

"झाडू झोपतो."

हसला नाही. खिडकी उघडली, बंद केली. नळ सोडून पाण्याला जोर किती ते बघितलं. आणि आज बुधवार! कामाच्या दिवशी ह्याला दुपारी चारपर्यंत माझ्या घरात काय काम?

जाताना लोणच्याची बरणी नेली. माझ्या डोक्यात संशय मात्र ठेवून गेला.

शुक्रवार, १६ जानेवारी

देवानंच धाडल्यासारखा आजचा धडा! खुणांवरून कारण ओळखायचं. सर म्हणाले, समजा सकाळी दार उघडलं. रांगोळी फिसकटलेली, दुधाची पिशवी फाटलेली, पायरीवर ओले पंजे. तुम्ही काय म्हणणार? मांजर! मांजर कुणी बघितलं? कुणीच नाही. पण सगळ्या खुणांचा उलगडा त्यानंच होतो, म्हणून ते खरं धरायचं, दुसरं काही निघेपर्यंत.

तिथंच बसून मांडलं. खूण पहिली — मला इथून हलवायची घाई. दुसरी — रिकामी खोली, कपाट, खिडकी, नळ, सगळ्याची पाहणी. तिसरी — सून तोंड लपवतेय, तिला लाज वाटत असणार. उलगडा? घर भाड्यानं द्यायचंय! भाडेकरू ठरलाय सुद्धा, म्हणून नळाचं पाणी बघितलं.

वर्ग सुटल्यावर सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मांजरच कशावरनं बाई? कुत्रं पण असू शकतंय की. दुसरा उलगडा शोधून बघितला का?"

म्हटलं, "सर, लेक माझा आहे. त्याला मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते."

"व्हय की," म्हणाले, आणि छत्री घेऊन गेले. ऊन असताना छत्री!

मला राग आलाय. सरांचा नाही, रघूचा. सरळ विचार ना रे मला. नाही म्हणेन, पण विचार तरी!

रविवार, १८ जानेवारी

त्याचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. जितं मया!

मंगळवार, २० जानेवारी

वर्गात तर्कदोष. माझा आवडता विषय होणार हा! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की लोक कावळ्याला धरतात, तो एक. समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून तेच झोडपायचं, साप साप म्हणून भुई धोपटायची, तो दुसरा. हा दुसरा रघूचा. "तुला आमच्याबरोबर राहायला कमीपणा वाटतो" म्हणाला होता मागं. मी कधी म्हटलं?

संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा हुळीला फोडणी द्यायची होती. आज त्यानं नवीन काढलं. साम्याचा युक्तिवाद! "अम्मा, मेट्रोच्या कामात मोठी मोठी झाडंसुद्धा मुळासकट काढून दुसरीकडे लावतात."

"आणि त्यातली जगतात किती, ते बघून आलास?"

"स्वल्प ऐक तरी माझं. रविवारी—"

इकडे मोहरी तडतडायला लागली, मिरच्या काळ्या पडत होत्या. "सरी, सरी," म्हटलं आणि ठेवला.

गुरुवार, २२ जानेवारी

रघूचा मेसेज — "थँक्स अम्मा. रविवारी सकाळी पॅकर्सवाले येतील. जड सामान तेच बांधतील, तू हात लावू नको."

कसले पॅकर्स? कुणाला थँक्स?

मग उजेड पडला. सरी! मंगळवारची सरी!

अरे, ह्या गावात सरी म्हणजे काय काय असतं! बरं आहे, बरोबर आहे, कळलं, पुरे, फोन ठेव, आता जा — सगळ्याला सरीच. वाण्याकडे, रिक्षात, देवळात, दिवसाकाठी शंभर सरी माझ्या तोंडून पडतात. मी पॅकर्सना हो म्हटलं? मी फोडणीला हो म्हटलं! ह्याच गावात जन्मला, वाढला, आणि आईची फोन ठेवायची सरी ह्याला ओळखता येऊ नये? येते. हवं ते ऐकलं त्यानं.

उलट मेसेज नाही केला. येऊ देत. बघते.

रविवार, २५ जानेवारी

आले! तिघं. खोके, दोऱ्या, चिकटपट्ट्या. म्होरक्यानं जिन्यातूनच विचारलं, "अम्मा, शिफ्टिंग?"

"इल्ला," म्हटलं. "शिफ्टिंग नाही. काफी आहे. बसा."

ते एकमेकांकडे बघायला लागले. बसले बिचारे. कॉफी दिली, चकल्या दिल्या. त्यांचा काय दोष! म्होरक्याला विचारलं, "तुमच्या आईला तुम्ही न विचारता खोक्यात घालता का?" तो लाजला. म्हणाला, आमची अम्मा हासनला राहते, येच म्हटलं तर येत नाही. म्हटलं, शहाणी आहे, माझा नमस्कार सांगा. शिवलीला दारात उभी राहून पदरात हसत होती. तिच्या हातून त्यांना एकेक केळं दिलं आणि रिकाम्या टेंपोसकट पाठवणी केली.

मग रघूचा फोन. ओरडलाच. "तू सरी म्हणालीस!"

"ती फोन ठेवायची सरी होती! होकाराची नव्हे!"

"मग तसं सांगायचं ना!"

"आणि तू विचारलं होतंस? एकदा तरी? जाशील का, असं?"

मग हळू म्हणाला, "मी खोली आवरून ठेवली होती, अम्मा. पडदे पण लावले."

पडदे! ह्याला पडद्याचा कपडा कळतो का? मनस्विनीनं लावले असतील आणि हा स्वतःचं सांगतोय. पण आवाज कसातरीच होता. जेवताना दोनदा आठवला. नाटक असेल. लहानपणी पोट दुखायचं नाटक असंच हुबेहूब करायचा.

तरी आज मी जिंकले. लिहून ठेवते. जिंकले.

मंगळवार, २७ जानेवारी

वर्गात सरीची गोष्ट सांगितली. हसून हसून पुरेवाट! सरांनी ती फळ्यावरच घेतली. एकच शब्द, पहिल्या विधानात एका अर्थानं, निष्कर्षात दुसऱ्या, आणि मधल्या मध्ये माणूस फसला. म्हणाले, पुस्तकातल्यापेक्षा हे उदाहरण भारी. मी फुगून बसले.

आणि सुटताना त्यांनी टाचणी लावली. "बाई, लेक बोलतोय ते सगळं तुम्ही छान खोडून काढालाय. पण तो का बोलालाय ते विचारलंय का कधी?"

"घर भाड्यानं द्यायला. सांगितलं ना तुम्हाला."

"ते तुम्ही सांगितलं. त्यानं काय सांगितलं?"

मी वर्गाला वाद जिंकायला जाते, शहाणपणाचे डोस घ्यायला नव्हे. पुढच्या वेळी मागच्या बाकावर बसणार.

बुधवार, २८ जानेवारी

मनस्विनीला परत फोन लावला. वाजून वाजून थांबला. मग तिचा मेसेज — "आई, तुम्ही रघूशी बोला ना."

रघूशीच तर बोलतेय गं सारखी! तू बोल!

शुक्रवार, ३० जानेवारी

वर्गाला गेले नाही. उद्या शनिवार, सुट्टी, दोघं घरी असतील. समोरासमोरच होऊ दे. जयप्रकाश नगरला मेट्रो धरायची, मॅजेस्टिकला बदलायची, पार शेवटपर्यंत बसायचं, तिथून रिक्षा. त्याला कळवणार नाही. मी पासष्टीची बाई एकटी गावाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाऊन दाखवते, म्हणजे पहिला मुद्दा दार उघडतानाच सिद्ध!

बाकीचे काढून ठेवलेत. पडण्याचा मुद्दा, ठकुबाईच्या दाखल्यासकट. एका शितावरून भाताची परीक्षा केल्याचा. झाडांचा. चहा-बिस्किटांचा, त्या दिवशीच्या फोटोसकट. आणि शेवटी, कॉफी पिऊन झाल्यावर, भाडेकरूचा. तो मी बॉम्बसारखा टाकणार. वही पिशवीत घातलीय. आणि रात्री मुक्काम करणार नाही, काय वाटेल ते झालं तरी! एक रात्र राहिले की दुसरी मागतील. कपडे घेतच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

रघू, तू इंजिनिअर असशील. मी तुझी आई आहे.

शनिवार, ३१ जानेवारी. व्हाइटफील्ड

मनस्विनी इथं राहत नाही. दिवाळी झाल्यावर पुण्याला गेली, येणार नाही म्हणून सांगून गेली. तिच्या कपाटात रघूनं इस्त्रीचे कपडे कोंबलेत. ओट्यावर बिस्किटांचे पुडे. पडदे त्यानंच लावलेत, एक उलटा. संक्रांतीला माझी रिकामी खोली, कपाट, नळ बघत होता ते भाडेकरूसाठी नव्हे, स्वतःसाठी.

मी मुद्दे काढलेच नाहीत. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस रे?"

"सांगत होतो की, अम्मा. एकट्याला जमत नाही म्हणायचो. तू दर वेळी माझ्या 'एकट्या'चं 'एकटी' करून द्यायचीस."

खूप रडले. तोही. आता आत भात लावतोय, मी पाणी किती घालायचं ते सांगितलेलं नाही. जेवण झालं की त्याचाच एखादा सदरा मागून घेते, झोपायला.